धरणाखालच्या नर्मदेचा रकाना

12 जुलै 1974 या तारखेचा एक करार आहे. मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि राजस्थान या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांनी तो मान्य केला. गुजरातच्या वतीने मात्र मुख्यमंत्री नव्हते, राज्यपालांचे सल्लागार होते. कारण नवनिर्माण आंदोलनानंतर त्याच वर्षी फेब्रुवारीत तिथे राष्ट्रपती राजवट लागू झाली होती. प्रकाश चंद्र सेठी, वसंतराव नाईक आणि हरिदेव जोशी हे त्या वेळचे तीन मुख्यमंत्री. नर्मदा जलतंटा लवादाची स्थापना 6 ऑक्टोबर 1969 रोजी झाली होती, पण त्याचे काम पुढे सरकत नव्हते. करारामुळे त्याला वाट मिळाली. चार वर्षांतून तीन वर्षे खात्रीने मिळेल असे, म्हणजे 75 टक्के विश्वासार्हतेचे, वापरासाठी उपलब्ध पाणी 28 दशलक्ष एकर-फूट धरावे. त्यातून महाराष्ट्राला 0.25 आणि राजस्थानला 0.5 द्यावे, उरलेल्या 27.25 ची वाटणी मध्य प्रदेश आणि गुजरात यांच्यात लवादाने करावी, असे ठरले.

मराठी वाचकाला यातला एक आकडा वेगळ्या वेशात परिचित असेल. 0.25 दशलक्ष एकर-फूट म्हणजेच 10.89 टीएमसी (अब्ज घनफूट), म्हणजे नर्मदेतील महाराष्ट्राचा तो हिस्सा, जो बातम्यांत अधूनमधून डोके वर काढतो. त्याच मापाने 28 दशलक्ष एकर-फूट म्हणजे जवळजवळ 1,220 टीएमसी, साडेअकरा कोयना धरणे भरतील एवढे पाणी.

या लेखाचा विषय हा वाटा नाही. नर्मदेवरच्या कागदपत्रांत मला एका वेगळ्याच गोष्टीचा माग काढायचा आहे. सरदार सरोवराच्या भिंतीपासून समुद्रापर्यंत नर्मदा सुमारे 150 किलोमीटर वाहते. अमरकंटकपासून भिंतीपर्यंतची नदी कागदांत भरपूर सापडते. भिंतीखालच्या या दीडशे किलोमीटरांत धरणानंतर किती पाणी राहील आणि ते कसे असेल, गोडे की खारे, स्वच्छ की मळलेले, हा प्रश्न कोणत्या कागदात, कोणत्या तारखेला, कोणी लिहून ठेवला? महाराष्ट्रात सरदार सरोवराविषयी जे लिहिले-बोलले गेले ते साहजिकच भिंतीच्या वरच्या नदीविषयी होते: मणिबेलीविषयी, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतल्या बुडीत जाणाऱ्या 33 गावांविषयी. खालची नदी आपल्या नजरेच्या टप्प्यात फारशी आलीच नाही. परिक्रमावासींना ती ठाऊक असते. दक्षिण तटावरच्या विमलेश्वरहून भरतीची वेळ साधून नाव सुटते आणि उत्तर तटावरच्या मिठी तलाईला लागते. पण परिक्रमेची वर्णने हा श्रद्धेचा दस्तऐवज. त्यांत पाण्याचे माप शोधणे त्या लेखकांवर अन्याय होईल.

म्हणून लवादाच्या निवाड्यापासून सुरुवात करू. न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांच्या अध्यक्षतेखालील लवादाने 16 ऑगस्ट 1978 रोजी अहवाल दिला आणि अंतिम निवाडा 12 डिसेंबर 1979 रोजी राजपत्रात आला. वाचकाने इथे पेन्सिल हाती घ्यावी. मध्य प्रदेश 18.25, गुजरात 9, राजस्थान 0.5, महाराष्ट्र 0.25. बेरीज 28. उपलब्ध पाणीही 28. वजाबाकी शून्य.

ही शून्य बाकी पाहिली की निष्कर्ष लगेच काढावासा वाटतो: लवादाने समुद्रासाठी थेंबही ठेवला नाही. थोडे थांबायला हवे. 28 हा 75 टक्के विश्वासार्हतेचा आकडा आहे, म्हणजे चारपैकी तीन वर्षे नदीत निदान तेवढे तरी पाणी येणार. शिवाय वरच्या राज्याचा वाटा कागदावर ठरला, तरी त्याची धरणे आणि कालवे बांधून होईपर्यंत ते पाणी खालीच वाहत राहणार. लवादापुढे या दोन्ही गोष्टी होत्या. तेव्हा खालची नदी कोरडी पडेल असे त्या काळी कोणाला वाटले नसेल, हे शक्य आहे.

पण निवाडा इथे संपत नाही. 28 च्या वर येणाऱ्या पाण्याचीही वाटणी त्याने करून ठेवली आहे. मध्य प्रदेश 73, गुजरात 36, राजस्थान 2, महाराष्ट्र 1 या प्रमाणात. कमी पाण्याच्या वर्षी तूटही याच प्रमाणात सोसायची. पावसाळ्यात साठे भरून उरलेले पाणी समुद्राकडे जाईल, त्यातल्या काही भागावरच शेवटच्या वीजगृहात वीज होईल आणि बाकीचे वाया जाईल. तसे ते जाण्यापेक्षा राज्यांनी जमेल तेवढे वापरावे, असेही लवादाने सुचवले. म्हणजे तुटीचे पाणी, नेमके पाणी आणि वरकड पाणी या तिन्ही खात्यांत धनी चारच. खाडीचे नाव एकाही खात्यात नाही. एवढे निवाड्याच्या शब्दांवरून निर्विवाद म्हणता येते.

असे का झाले? यापुढचे अनुमान माझे आहे. 1956 च्या आंतरराज्य जलविवाद कायद्याखाली लवाद बसतो तो राज्यांचा तंटा सोडवायला. पक्षकारांनी जे मागितले नाही ते लवादाने स्वतःहून देण्याची वहिवाट नाही. नर्मदेची खाडी संपूर्णपणे गुजरातेत आहे, म्हणजे तिच्यासाठी बोलू शकणारा पक्षकार एकच. त्या पक्षकाराची बरीचशी मांडणी सौराष्ट्र आणि कच्छच्या तहानेवर उभी होती. भरुचच्या खाडीला अमुक पाणी हवे, असे गुजरातने म्हटले असते तर ते पाणी त्याच्याच कालव्याच्या मागणीतून वजा झाले असते. आपल्याच अर्जाला स्वतः कात्री कोण लावील? हा हेतूचा आरोप नव्हे. तंट्याची रचनाच तशी होती.

आता त्या 28 कडे पुन्हा वळू. हा आकडा मोजलेला आहे की ठरवलेला? दोन्ही. गरुडेश्वरला नर्मदेचा प्रवाह 1948 पासून मोजला जात होता. त्याआधीच्या वर्षांचे प्रवाह पावसाच्या नोंदींवरून हिशेब करून मागे नेलेले होते. या मिश्र मालिकेवर चार राज्यांची सहमती झाली आणि लवादाने ती स्वीकारली. पुढे मोजलेल्या प्रवाहाची वर्षे वाढत गेली, तेव्हा त्यांवरून केलेले हिशेब 23 दशलक्ष एकर-फुटांच्या आसपास येऊ लागले. मध्य प्रदेशाने हा मुद्दा लावून धरला. तरी वाटणी 28 वरच राहिली. भिंतीच्या वर या फरकाचा अर्थ प्रत्येकाच्या वाट्यात कपात. भिंतीखाली त्याचा अर्थ असा की ज्या वरकड पाण्याच्या भरवशावर शून्य बाकी खपून गेली, ते वरकड पाणी वाटले होते त्याहून पुष्कळ कमी असणार.

पुढचा कागद वॉशिंग्टनचा आहे. 10 मे 1985 रोजी जागतिक बँकेने सरदार सरोवरासाठी 45 कोटी डॉलरच्या कर्जाचे करार केले. त्यांत एक अट होती: प्रकल्पाच्या पर्यावरणीय परिणामांबाबतचा कार्यआराखडा भारताने 31 डिसेंबर 1985 पर्यंत सादर करावा. ती तारीख गेली. पुढची मुदत गेली. 1992 पर्यंत आराखडा आलेलाच नव्हता. इतिहास लिहिणाऱ्याला हरवलेल्या कागदाइतकाच न लिहिलेला कागद बोलका असतो, फक्त त्याच्याकडून अवतरण घेता येत नाही.

दिल्लीतला कागद 24 जून 1987 चा आहे. पर्यावरण आणि वन खात्याने त्या दिवशी प्रकल्पाला सशर्त मंजुरी दिली. हा दस्तऐवज पुढे इतका वादग्रस्त ठरला की तो ओळ-ओळ वाचायला हवा. क्षेत्रीय पाहण्या अजून पूर्ण झालेल्या नाहीत, असे मंजुरी देणारा कागदच सांगतो. राहिलेली कामेही त्यात नावानिशी दिली आहेत: पुनर्वसनाचा बृहत् आराखडा, पाणलोट क्षेत्राचे टप्प्याटप्प्याने उपचार, पर्यायी वनीकरण, लाभक्षेत्र विकास, वनस्पती आणि प्राणी यांची पाहणी, सभोवतालच्या प्रदेशाची धारणक्षमता, भूकंपप्रवणता आणि आरोग्य. ही कामे 1989 पर्यंत व्हावीत आणि पर्यावरणरक्षणाचे उपाय बांधकामाच्या बरोबरीने चालावेत, अशी अट.

आठ बाबी. पाणलोट भिंतीच्या वर. वनीकरण आणि धारणक्षमता बुडिताच्या आसपास. लाभक्षेत्र कालव्याच्या कडेने. मंजुरीचे निम्मे आयुष्य पाहणीत आणि निम्मे वादात गेले, पण त्या यादीत भिंतीखालच्या नदीला आणि खाडीला स्वतंत्र ओळ नाही, ही गोष्ट वादाच्या धुरळ्यात दिसेनाशी झाली. ‘वनस्पती आणि प्राणी’ या बाबीत मासे येतात असे कोणी म्हणू शकेल. ‘आरोग्य’ या बाबीत पाण्याची प्रत येते असेही. मी हे अर्थ नाकारत नाही. मात्र ज्या यादीत भूकंपाला वेगळी ओळ मिळाली, तिच्यात दीडशे किलोमीटर नदी अध्याहृत ठेवावी लागते, एवढे नोंदवून पुढे जातो.

खालची नदी पूर्ण शरीराने पहिल्यांदा उभी राहते ती 18 जून 1992 रोजी. जागतिक बँकेनेच नेमलेल्या स्वतंत्र पुनर्विलोकन गटाचा अहवाल त्या दिवशी सादर झाला. ब्रॅडफर्ड मोर्स अध्यक्ष, थॉमस बर्गर उपाध्यक्ष. पर्यावरणाची बाजू डोनल्ड गॅम्बल यांनी आणि पुनर्वसनाची ह्यू ब्रॉडी यांनी सांभाळली. मणिबेली आणि पुनर्वसनाची प्रकरणे यामुळे हा अहवाल आपल्याकडे गाजला. त्यातला भिंतीखालच्या नदीवरचा भाग तेवढा वाचला गेला नाही. गटाने साधा प्रश्न विचारला होता: धरण पूर्ण झाल्यावर खाली समुद्रापर्यंत काय होईल, याचे मूल्यमापन कुठे आहे? पुरेसे मूल्यमापन झालेलेच नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. गोड्या पाण्याचा ओघ आटला की खारेपणा वर सरकेल, गाळ अडेल, आणि खाडीतल्या हिलसा माशाची मासेमारी गंभीर घट सोसेल किंवा संपेल, असे त्यांनी बजावले.

या साक्षीदाराला पारखून घ्यायला हवे. भारत सरकारने आणि गुजरातने अहवाल फेटाळला. तो एकांगी आहे असे म्हटले. गटाने आपली मोजमापे स्वतः घेतली नव्हती, उपलब्ध कागद आणि साक्षी यांवर तो विसंबला होता. म्हणून हिलसाविषयीचे त्याचे भाकीत हे भाकीतच मानावे. ‘मूल्यमापन नाही’ हे विधान मात्र वेगळ्या जातीचे आहे. ते खोडून काढायला एकच कागद पुरला असता, 1992 पूर्वीचा, भिंतीखालच्या नदीचा समग्र परिणाम-अभ्यास. खंडन करणाऱ्यांनी तो पुढे ठेवला नाही. 1993 मध्ये इंग्लंडमधील वॉलिंगफर्ड येथील संस्थेकडून खालच्या नर्मदेवरील परिणामांचा अभ्यास झाला. त्याचे सालच पुरेसे बोलके आहे: मंजुरीनंतर सहा वर्षे, मोर्स अहवालानंतर एक. त्याच वर्षी मार्चमध्ये भारताने बँकेचे उरलेले कर्ज नाकारले, आणि बँकेच्या अटींचा धागा कागदपत्रांतून गळून पडला.

धोका नेमका कोणता होता, हे समजायला खाडीची घडण पाहिली पाहिजे. तिचे सर्वांत जुने लेखी वर्णन सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक भाषिक दर्यावर्दीच्या ‘पेरिप्लस’मध्ये बरिगाझा, म्हणजे भरुच, बंदरात शिरण्याची अडचण सविस्तर येते. भरतीचा लोंढा एवढा जोराचा की अनोळखी तारू टिकत नाही. म्हणून राजाच्या सेवेतले मच्छीमार आपल्या होड्या घेऊन सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जातात आणि जहाजांना वाट दाखवत आत आणतात.  आपल्या कामासाठी त्यातून एवढेच घ्यायचे: समुद्र या नदीत रोज दोनदा, मोठ्या ताकदीने, आत येतो. त्याला परत लोटते ते वरून येणारे गोडे पाणी. गोडे आणि खारे यांची सीमा कुठे पडेल, हे त्या दोन दाबांवर ठरते.

खाऱ्या पाण्याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे 35,000 मिलिग्रॅम क्षार विरघळलेले असतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांची स्वीकारार्ह मर्यादा लिटरमागे 500 मिलिग्रॅम. दुसरा स्रोतच नसेल तर 2,000 पर्यंत. नदीचे पाणी अगदी क्षारविरहित आहे असे धरले तरी सत्तर भागांत एक भाग समुद्र मिसळला की पहिली मर्यादा गाठली जाते. सतरा-अठरा भागांत एक भाग मिसळला की दुसरी. नदीचे पाणी प्रत्यक्षात काही क्षार घेऊनच येते, तेव्हा याहूनही कमी समुद्र पुरतो. इथे धोका हळूहळू जाणवत नाही. ओघ एका मर्यादेखाली गेला की विहिरी आणि पाणी उचलणारे पंप एका मोसमात खारे होतात.

हिलसाचे गणित वेगळे. तो समुद्रात वाढतो आणि पावसाळ्यात अंडी घालायला गोड्या पाण्यात वर चढतो. त्याला नुसते वर्षाचे सरासरी पाणी नको, आषाढ-श्रावणातला गढूळ लोंढा हवा, वेळेवर हवा. तिसरी बाब कारखान्यांची. खाडीच्या दक्षिणेला अंकलेश्वर, उत्तरेला दहेज. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात अंकलेश्वर 88.50 गुणांनी पहिले आले. (आपले चंद्रपूर चौथे होते.) अंकलेश्वरकडची आमलाखाडी नर्मदेच्या खाडीलाच मिळते. तिच्यातून येणारा मळ विरळ करायला नदीत पाणी किती, यावर खाडीच्या पाण्याची प्रत अवलंबून. धरणाने एक कणही नवे प्रदूषण केले नाही तरी प्रत बिघडू शकते, ती अशी.

पुन्हा कागदांकडे. 5 ऑगस्ट 1993 रोजी केंद्राने सरदार सरोवराच्या प्रश्नांवर पाच जणांचा गट नेमला: जयंत पाटील, वसंत गोवारीकर, रामस्वामी अय्यर, एल. सी. जैन आणि व्ही. सी. कुलंदैस्वामी. यातली पहिली दोन नावे महाराष्ट्राची. गटाचा अहवाल तयार झाला, पण गुजरात उच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे तो उघड करता येईना. अखेर डिसेंबर 1994 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने तो खुला झाला. नदीत पाणी किती, हा प्रश्न या गटाच्या कामात मध्यवर्ती होऊन बसला आणि त्यावर सदस्यांत एकमत झाले नाही. एकूण पाण्यावरच एकमत नसताना खाडीच्या वाट्याला किती, या प्रश्नाची पाळी येणे कठीणच होते.

त्यानंतरचा मोठा दस्तऐवज 18 ऑक्टोबर 2000 चा, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. भिंतीखालच्या परिणामांचा मुद्दा याचिकाकर्त्यांनी मांडला होता. बहुमताने पर्यावरणविषयक आक्षेप फेटाळले. 1987 ची मंजुरी विचारपूर्वक दिलेली होती आणि पुढच्या अभ्यासांची व्यवस्था तिच्यातच आहे, असा त्याचा रोख. न्यायमूर्ती एस. पी. भरूचा यांनी वेगळे मत नोंदवले. आवश्यक माहिती हाती नसताना मंजुरी दिली गेली, म्हणून तज्ज्ञ समितीने नव्याने मूल्यमापन करावे आणि तोवर बांधकाम थांबावे, असे ते म्हणाले. दोन्ही मते एकाच कागदावर उभी आहेत, 24 जून 1987 च्या. आठ बाबींच्या यादीकडे एकाने पुढे करायच्या कामाची हमी म्हणून पाहिले, दुसऱ्याने न झालेल्या कामाची कबुली म्हणून.

इथून पुढे सुमारे सतरा वर्षे खालच्या नदीची बातमी कमी येते. का, याचे उत्तर भिंतीच्या उंचीत आहे. निकालानंतर उंची टप्प्याटप्प्याने वाढली आणि 2006 च्या अखेरीस 121.92 मीटरवर पोहोचली. माथ्यावर दरवाजे नव्हते. पावसाळ्यातले पाणी सांडव्यावरून कोसळून समुद्राकडे जातच होते. 1974 च्या आणि 1979 च्या कागदांतले गृहीतक, की वरकड पाणी येत राहील, हे या काळात भिंतीच्या अपुरेपणामुळे खरे ठरत होते. दरवाजे 17 जून 2017 रोजी बंद झाले. साठ्याची मर्यादा 138.68 मीटरवर गेली.

मग आला 2018 चा उन्हाळा. जलाशयात पाणी इतके कमी होते की उन्हाळी पिकांना कालव्याचे पाणी मिळणार नाही, असे गुजरात सरकारने आधीच जाहीर केले. भरुचकडून तक्रारी येऊ लागल्या: नदीत पाणी नाही, जे आहे ते खारे आहे, मासे नाहीत. हा पुरावा वृत्तपत्रांचा आणि निवेदनांचा आहे. शिवाय 2017 मध्ये वरच्या खोऱ्यात पाऊसही कमी झाला होता, म्हणजे दरवाजे बंद होणे आणि पाऊस रुसणे एकाच वर्षी घडले. खारेपणाचा किती भाग कशामुळे, हे केवळ त्या एका मोसमावरून वेगळे काढता येणार नाही. जो कोणी काढून दाखवील त्याच्याकडे संशयाने पाहावे, तो धरणाच्या बाजूचा असो वा विरोधातला.

याच वादात एक आकडा ठळकपणे पुढे आला: 600 क्युसेक. पर्यावरणीय प्रवाह म्हणून धरणातून खाली सोडायचे किमान पाणी एवढे. भरुचकरांची मागणी 1,500 क्युसेकची होती. पुन्हा पेन्सिल घेऊ. सेकंदाला 600 घनफूट पाणी वर्षभर अखंड सोडले तर 18.92 टीएमसी होते, म्हणजे 0.43 दशलक्ष एकर-फूट. एकूण 28 शी ताडले तर दीड टक्का. ही तुलना काहीशी अन्यायाची आहे, कारण नर्मदेचे बहुतेक पाणी पावसाळ्यात येते आणि उन्हाळ्यातला मूळ प्रवाह वार्षिक सरासरीच्या जवळपासही नसतो. दुसरी तुलना अधिक उद्बोधक आहे. 0.43 हा महाराष्ट्राच्या 0.25 पेक्षा मोठा आहे, आणि राजस्थानच्या 0.5 पेक्षा थोडाच लहान. म्हणजे चार धन्यांच्या वाटणीत महाराष्ट्राहून मोठा एक पाचवा हिस्सेदार प्रत्यक्षात पाणी घेतो आहे. निवाड्यात त्याचे नाव नाही, त्यामुळे हक्कही नाही. त्याला मिळते ते प्रशासनाच्या निर्णयाने. अशा निर्णयाने दिलेले पाणी निर्णयानेच कमी होऊ शकते; निवाड्यातला वाटा तसा कमी करता येत नाही.

आता शेवटचा कागद. 17 सप्टेंबर 2017 रोजी सरदार सरोवराचे लोकार्पण झाले. त्यानंतर बरोबर एकवीस दिवसांनी, 8 ऑक्टोबरला, पंतप्रधानांनी भरुचला दुसऱ्या एका बांधकामाची पायाभरणी केली. भरुचच्या खाली, खाडीवर, भाडभूत येथे नदीला आडवा बंधारा. साठवण सुमारे 600 दशलक्ष घनमीटर, म्हणजे 21 टीएमसी. त्याच्या घोषित उद्दिष्टांत पहिल्या क्रमांकाला आहे ती भरतीच्या खाऱ्या पाण्याला रोखण्याची गरज; नदीत खारेपणा वर चढतो आहे आणि गोडे पाणी समुद्रात मिसळण्याआधी अडवायला हवे, असे सरकारी वर्णन सांगते.

मला हा कागद सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो धरणाच्या विरोधकांनी लिहिलेला नाही म्हणूनच. 1992 मध्ये खारेपणा वर सरकेल हे एका पाहुण्या गटाचे भाकीत होते. 2017 मध्ये तेच एका सरकारी बांधकामाचे प्रयोजन झाले. खाऱ्या पाण्याला लोटायला वरून पाणी सोडण्याऐवजी त्याच्यासमोर भिंत घालायची, असा हा उपाय. विहिरी आणि पाणीपुरवठा यांच्यासाठी तो कामी येईल, असे मानायला जागा आहे. पण हिलसाची वाट त्याच रेषेवरून जाते, आणि भाडभूतच्या मच्छीमारांचा विरोधही तिथूनच सुरू होतो. बंधाऱ्याच्या वर जे गोडे तळे होईल त्यात कारखान्यांच्या पट्ट्यातून येणारे पाणी भरतीबरोबर धुऊन न जाता साचून राहील का, हा प्रश्न 1987 च्या यादीतल्या कोणत्याही बाबीत बसत नाही. त्याला नवी ओळ लागेल.

अशी ओळ घालायची तर कुठे? निवाड्यातच एक दार आहे. पाणीवाटपाच्या कलमांचा फेरविचार राजपत्रातील प्रसिद्धीपासून 45 वर्षांनंतर केव्हाही करता येईल, असे लवादाने लिहून ठेवले. 12 डिसेंबर 1979 मध्ये 45 मिळवले की 12 डिसेंबर 2024 येते. ती तारीख उलटली आहे. म्हणजे 28 चा आकडा, चार वाटे आणि शून्य बाकी हे सगळे आता कायद्याने पुन्हा मांडता येण्याजोगे आहे. मात्र 1956 च्या कायद्याच्या तिसऱ्या कलमाखाली पाण्याची तक्रार घेऊन केंद्राकडे जाता येते ते राज्य सरकारलाच. भाडभूतच्या होडीवाल्याला तो अधिकार नाही, भरुच नगरपालिकेलाही नाही. खाडीसाठी वाटा मागायचा झाला तर तो गुजरातलाच मागावा लागेल, स्वतःच्या नऊमधून.